बहुराष्ट्रीय कंपनी कारखान्याची जागा कशी ठरवते? कोल्हापूरच्या उद्योजकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत कुणी परदेशी पाहुणे येऊन गेले की पुढे महिनाभर एकच चर्चा चालते: कंपनी येणार का? फेटा बांधला, तांबडा-पांढरा झाला, फोटो निघाले आणि पुढे काहीच कळलं नाही, असं बऱ्याचदा होतं. त्यात पाहुणचाराचा दोष नसतो. फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) वाळू चाळतात तशी कंपनी जागा चाळत असते. प्रत्येक चाळणीवर काही ठिकाणं बाद होतात आणि बाद झालेल्यांना कारण कुणी सांगत नाही. शेवटच्या चाळणीवर जे एक-दोन उरतं, तिथे कारखाना होतो. म्हणून आपल्या गावाची थोरवी सांगण्याआधी कोणत्या चाळणीवर आपण बाद होऊ शकतो, हे ओळखायला हवं. या लेखात चाळण्या त्याच क्रमाने घेतल्या आहेत.

पहिली पायरी: कंपनी बाहेर का पडते आहे?

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन डनिंग यांनी परदेशी गुंतवणुकीचे चार हेतू सांगितले, ते आजही कामाला येतात. बाजारपेठ मिळवणं, कच्चा माल मिळवणं, कमी खर्चात उत्पादन करणं आणि तंत्रज्ञान, ब्रँड किंवा कुशल माणसं पदरात पाडून घेणं. हेतू बदलला की त्याच गावाचं मोल बदलतं. भारतात ट्रॅक्टर विकायला आलेली कंपनी आपल्या ग्राहकापासून आणि डीलरपासूनचं अंतर मोजते. इथे कास्टिंग (ओतीव भाग) करून युरोपला पाठवणारी कंपनी बंदरापर्यंतचं भाडं आणि विजेचा दर मोजते. एखादी चालती फाउंड्री विकत घेणारी कंपनी तर जागा बघतच नाही; ती ग्राहकांची यादी, मेटलर्जीची (धातुशास्त्राची) टीम आणि ताळेबंद बघते.

तेव्हा पहिल्याच फोनवर विचारा: माल कुठे विकणार? उत्तर गोलमाल आलं तरी टक्केवारी मागा. निर्यात ८० टक्के असेल तर पुढचं सगळं गणित वेगळं होतं. ते इन्सेंटिव्हच्या (सरकारी सवलतींच्या) पायरीवर दिसेलच.

डनिंग यांची १९७० च्या दशकातली दुसरी मांडणी तीन प्रश्नांची आहे. कंपनीकडे इतरांकडे नसलेलं काही आहे का? ते परदेशातल्या त्या जागेशी जोडून फायदा होतो का? आणि ते काम बाहेरच्याला जॉबवर्कने देण्यापेक्षा स्वतः करणं परवडतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर कारखाना येत नाही, ऑर्डर येते. कोल्हापूरच्या पट्ट्यात हे कायम घडतं. इथल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप चांगलं काम करतात म्हणूनच अनेक कंपन्यांना इथे स्वतःची भट्टी लावायची गरज वाटत नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त आपण गुंतवणूकदाराशी बोलतोय की खरेदी खात्याशी, हे लवकर ओळखावं.

दुसरी पायरी: देशांची लांब यादी आणि ‘हो-नाही’चे प्रश्न

सुरुवातीला दहा-पंधरा देश घेतात. प्रोजेक्टला टोपणनाव देतात आणि काम सल्लागार संस्थेकडे सोपवतात. कंपनीचं नाव या टप्प्यावर कळत नाही. या टप्प्यावर गुण देत नाहीत, फक्त हो की नाही एवढंच बघतात. त्या क्षेत्रात १०० टक्के परकीय मालकी चालते का? नफा बाहेर नेता येतो का? त्या देशाशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे का? आपल्या मालावर ग्राहकदेशात आयातशुल्क किती लागेल?

भारतात बहुतेक उत्पादनक्षेत्रांत ऑटोमॅटिक रूट आहे, म्हणजे सरकारची आधी परवानगी लागत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. एप्रिल २०२० च्या ‘प्रेस नोट ३’ या केंद्र सरकारच्या आदेशाने भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची आधी मंजुरी बंधनकारक झाली. कंपनी तैवानी किंवा जर्मन दिसते, पण तिच्या मागचा मालक चिनी निघतो आणि जॉइंट व्हेंचरचा करार महिनोन्महिने अडकतो, असं होऊ शकतं. खरा लाभार्थी मालक कोण, हे पहिल्या महिन्यातच लेखी मागावं आणि त्या वेळचा ताजा नियम तपासून घ्यावा.

व्यापार करारही इथेच बघितले जातात. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन यांच्या एफ्टा गटाशी भारताचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनशी करारावर जुलै २०२५ मध्ये सही झाली. उलट दिशेला युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर आहे. त्याची माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि पैसे मोजण्याचा टप्पा जानेवारी २०२६ पासून आहे. लोखंड-पोलाद गटातला माल पाठवणाऱ्याला प्रतिटन किती कार्बन निघतो, याचा हिशेब द्यावा लागतो. आपला माल कोणत्या एचएस कोडमध्ये (मालाच्या वर्गवारीचा कस्टमचा आकडा) बसतो यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून कोड सीएकडून नव्हे, कस्टम हाउस एजंटकडून पक्का करून घ्या.

एक जुनी सवय मात्र सोडायला हवी. जागतिक बँकेची ‘डुइंग बिझनेस’ क्रमवारी दाखवून भारताचा ६३ वा क्रमांक अजून काही सादरीकरणांत झळकतो. आकड्यांतल्या गडबडीनंतर ती क्रमवारी सप्टेंबर २०२१ मध्ये कायमची बंद झाली. ती स्लाइड दिसली की समोरच्याला कळतं, फाईल जुनी आहे.

तिसरी पायरी: गुण आणि भारांक

पाच-सहा देश किंवा राज्यं उरली की तक्ता तयार होतो. वीज, मजूर, वाहतूक, पुरवठादार, कर, जमीन, जीवनमान. प्रत्येकाला भारांक (त्या बाबीला महत्त्व किती, तो आकडा) आणि १ ते ५ गुण. बाहेरून हे शास्त्रशुद्ध दिसतं, पण त्यात दोन खोट असतात.

पहिली, संचालकांना आधीच आवडलेली जागा वर येईपर्यंत भारांक हलवले जातात. चांगल्या कंपन्या म्हणूनच गुण द्यायच्या आधी भारांक ठरवून त्यावर सही घेतात. दुसरी खोट जास्त महाग पडते. बेरजेच्या पद्धतीत एका बाबीतली कमतरता दुसऱ्या बाबीतल्या जास्त गुणांनी भरून निघते. कागदावर स्वस्त मजूर खराब विजेला झाकतो. इंडक्शन भट्टीत वीज गेली तर तसं काही भरून निघत नाही. क्रुसिबलमध्ये (भट्टीच्या भांड्यात) लोखंड गोठलं तर लायनिंगसकट (आतल्या अस्तरासकट) नुकसान. म्हणून अशा बाबींना गुण न देता किमान मर्यादा ठेवतात: वर्षाला इतक्या मिनिटांपेक्षा जास्त वीज गेली तर जागा बाद.

याचा आपल्यासाठी अर्थ: महावितरणच्या फीडरचा मागच्या २४ महिन्यांचा ट्रिपिंगचा (वीज अचानक तुटण्याचा) आणि व्होल्टेज डिपचा (दाब पडण्याचा) तपशील हाताशी ठेवा. ‘आमच्याकडे वीज जात नाही’ या वाक्याला शून्य किंमत आहे. तारीख, वेळ, मिनिटं लिहिलेल्या एका कागदाला फार मोठी आहे, मग त्यात दहा ट्रिपिंग असली तरी.

चौथी पायरी: माल ग्राहकाच्या दारात कितीला पडतो?

खरा निर्णय इथे होतो. एक उदाहरण मांडून बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पद्धत मात्र खरी आहे.

समजा, एक युरोपीय पंप कंपनी वर्षाला ५,००० टन मशीन केलेलं कास्टिंग इथून नेणार आहे. किंमत किलोला १५० रुपये, म्हणजे वर्षाचा माल ७५ कोटींचा.

वीज: एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. माहितीपत्रकात हाच आकडा असतो आणि तिथेच फसगत होते. रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू) आणि रिजेक्शन (नाकारलेला माल) वजा जाता ओतलेल्या धातूतलं ६० टक्केच चांगलं कास्टिंग हाती येतं असं धरलं, तर एका टनासाठी १.६७ टन धातू वितळवावा लागतो. झाले १,००० युनिट. सँड प्लँट, कॉम्प्रेसर, शॉटब्लास्टिंग, सीएनसी यांचे आणखी ४०० धरा. ५,००० टनांना ७० लाख युनिट. म्हणजे दरात एक रुपयाचा फरक वर्षाला ७० लाखांचा. सीमेपलीकडे बेळगाव जेमतेम ११० किलोमीटरवर आहे आणि वीजदरावरून कर्नाटकात जायची भाषा इथल्या उद्योजकांनी स्वतःच अनेकदा केली आहे. परदेशी कंपनीला तर कोणतीच भावनिक सीमा नाही.

वाहतूक: एका वीस फुटी कंटेनरमध्ये २५ टन धरले तर वर्षाला २०० कंटेनर. कोल्हापूरहून न्हावा-शेवा बंदर साडेतीनशे किलोमीटरहून थोडं अधिक, चाकणहून त्याच्या निम्म्याहून कमी. भाड्यात कंटेनरमागे २०,००० रुपयांचा फरक धरला तर ४० लाख. ‘बंदर लांब आहे’ ही आपली नेहमीची तक्रार विजेच्या एका रुपयापेक्षा हलकी निघते.

वाटेतला माल: ७५ कोटींना ३६५ ने भागलं तर एका दिवसाचा माल सुमारे साडेवीस लाखांचा. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास १२ दिवसांनी लांबला तर जवळपास अडीच कोटींचा माल पाण्यावर अडकतो. १० टक्क्यांनी त्याचं व्याज २५ लाखांच्या आसपास.

मजुरी आणि रिजेक्शन: ३०० कामगारांमागे महिना ३,००० रुपये वाचले तर वर्षाला १ कोटी ८ लाख. छान. पण रिजेक्शन एका टक्क्याने वाढलं तर ५० टन माल भंगारात जातो. किलोला १५० मधून भंगाराचे ४० वजा करा, नुकसान ५५ लाख. दोन टक्के रिजेक्शनने मजुरीतली सगळी बचत खाल्ली. कोल्हापूरचं खरं भांडवल इथे आहे: वाळू हातात घेऊन ओल सांगणारा मोल्डर, कोअरचा व्हेंट (साच्यातला वायू बाहेर जायची वाट) चुकला तर ओतण्याआधी ओळखणारा सुपरवायझर, शेजारच्या गल्लीत पॅटर्न दुरुस्त करून देणारा मिस्त्री. पण हे सादरीकरणात ‘कुशल मनुष्यबळ’ या दोन शब्दांत संपवतात. त्याऐवजी तीन वर्षांचा रिजेक्शनचा पीपीएम (दहा लाख नगांमागे किती नग नाकारले) आणि कामगार सोडून जाण्याचं प्रमाण दाखवा.

आणि उशीर. प्रकल्प १२० कोटींचा, निम्मा पैसा खर्च झालाय आणि एखादी परवानगी सहा महिने रखडली. ६० कोटींवर १२ टक्क्यांनी अर्ध्या वर्षाचे ३ कोटी ६० लाख गेले. विजेच्या एका रुपयाची पाच वर्षांची सवलत एका रखडलेल्या कागदाने संपली. म्हणून अनुभवी कंपनी स्वस्त जागेपेक्षा तारीख पाळणारी जागा घेते.

पाचवी पायरी: जोखमीचा आकडा

जोखीम म्हणजे ‘वाटतं बरं नाही’ असं नसतं, ती टक्केवारीत धरतात. दहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये १० टक्क्यांनी आज साडेअडतीस रुपयांचे असतात. देशाची जोखीम म्हणून आणखी ४ टक्के लावले की तेच २७ रुपये होतात. लांबच्या वर्षांतल्या आश्वासनांना कंपन्या फारसा भाव का देत नाहीत, ते यात आलं.

महाराष्ट्राला याची आठवण घाटाखालीच आहे. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प गुहागर तालुक्यात आला, १९९५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला, पुढच्या वर्षी नव्या अटींवर पुन्हा मान्य केला आणि २००१ मध्ये वीजखरेदी थांबून प्रकल्प बंद पडला. चूक कुणाची यावर आजही दोन तट आहेत. गुंतवणुकीच्या अभ्यासात मात्र त्यातून एक साधी गोष्ट शिकवतात: यंत्रं जमिनीत रोवली गेली की कंपनीची वाटाघाटीची ताकद उतरते आणि सरकारची चढते. व्होडाफोनच्या करवादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, त्यानंतर त्याच वर्षी कायदा मागच्या तारखेपासून बदलला आणि ती तरतूद २०२१ मध्ये मागे घेतली गेली. परदेशी वकील पहिल्या बैठकीत हे विचारतात. उत्तर टाळू नका, तारखांसह सांगा.

स्थानिक जोखमींत पुराचा प्रश्न टाळता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला. प्लॉट कोरडा असला म्हणून भागत नाही. ट्रकच पुढे गेला नाही तर ग्राहकाची लाइन थांबते. सॅटेलाइटचे नकाशे कंपनीकडे असतातच, त्यामुळे लपवून उपयोग नाही. जलसंपदा विभागाची पूररेषा, प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची उंची, त्या दोन वर्षांत किती दिवस माल निघाला नाही आणि आता किती दिवसांचा तयार साठा पुराच्या पट्ट्याबाहेरच्या गोदामात ठेवता, एवढं एका पानावर द्या.

सहावी पायरी: जमीन आणि परवानग्या

एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतो. हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं, वापर बदलायलाही विचारावं लागतं. तरी परदेशी कंपनीला तोच सोयीचा, कारण मालकीचा वाद नसतो.

खासगी जमीन ‘रस्त्यालगत, स्वस्तात’ म्हणून दाखवणाऱ्यांनी आधी सातबारा नीट वाचावा. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेताना कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. खऱ्या औद्योगिक वापरासाठी ६३-१अ मध्ये वाट आहे, पण ठरावीक मुदतीत उद्योग सुरू करण्याच्या अटीसह. भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या अटींवर दिलेली जमीन) असेल तर शासनाची परवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम). आपल्या जिल्ह्यात आणखी एक खास अडचण आहे: देवस्थान इनाम जमिनी. सातबाऱ्यावर वहिवाटदाराचं नाव दिसतं आणि मालक देव असतो. अशी जमीन सहजी विकली जात नाही. मागच्या ३० वर्षांचे फेरफार काढून वकिलाचा सर्च रिपोर्ट तयार नसेल, तर ती जमीन दाखवूच नका.

पश्चिमेकडच्या शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड भागात हवा छान आणि पाणी मुबलक, पण तिथली अनेक गावं पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत. लाल वर्गातल्या (सगळ्यात जास्त प्रदूषणाच्या) उद्योगाने तिकडे बघू नये. फाउंड्रीला वापरलेली वाळू कुठे टाकणार आणि कापड प्रोसेसिंगला सांडपाणी कुठे जाणार, हे पहिल्या भेटीत विचारलं जातं. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या इंटरनेटवर सगळ्यांना दिसतात.

सातवी पायरी: प्रत्यक्ष भेट

दीड-दोन दिवस मिळतात. त्यातला अर्धा दिवस सत्कारात घालवू नका. पाहुण्यांना इथे आधीच काम करणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाशी एकटं बोलायचं असतं, आपण खोलीबाहेर थांबायचं. दाखवायला उदाहरणं आहेत. तुर्कस्तानच्या सोक्तास कंपनीने उंची सुती कापडाचा कारखाना कोल्हापूर भागात उभारला. तो २०१९ मध्ये ग्रासिमने विकत घेतला. मालक बदलला, कारखाना इथेच राहिला. परदेशी पाहुण्याला बाहेर पडायची वाटही दिसली की तो निर्धास्त होतो, हे आपल्याला उलटं वाटेल, पण तसंच असतं.

आयटीआय, पॉलिटेक्निक, इचलकरंजीचं डीकेटीई अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या प्राचार्यांना कंपनी एकच विचारते: आमच्या गरजेचा कोर्स किती महिन्यांत सुरू कराल? चिप बनवणाऱ्या इंटेलने १९९६ मध्ये चिमुकल्या कोस्टारिकाची निवड केली, त्यात तिथल्या तांत्रिक शिक्षणसंस्थांनी लगेच अभ्यासक्रम उभे करण्याचा वाटा होता. तोच जोडणी-चाचणीचा कारखाना २०१४ मध्ये कंपनीने आशियात हलवला, हेही ध्यानात असू द्या.

(जाता जाता: आधी वाहतूक, मग बाजारपेठ, मग कारखाना हा क्रम कोल्हापूरने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बरोबर लावला होता. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे, १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ, १९०६ मध्ये शाहू मिल.)

आठवी पायरी: इन्सेंटिव्ह

हा विषय सगळ्यात शेवटी येतो आणि आपण मात्र तिथूनच सुरुवात करतो. शेवटच्या दोन जागांत फारसा फरक उरला नाही, तेव्हाच सवलत निर्णय फिरवते. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची वर्गवारी असते, तेव्हा प्लॉट कोणत्या तालुक्यात मोडतो ते आधी बघा. त्यातला मोठा भाग आजवर राज्यातल्या विक्रीवरच्या राज्य जीएसटीच्या परताव्याशी जोडलेला होता. वरच्या उदाहरणातली पंप कंपनी सगळा माल युरोपला पाठवते. तिच्या निर्यातीवर जीएसटी शून्य. परतावा कशाचा घेणार? तिला मुद्रांक शुल्काची माफी, वीजशुल्कातली सूट आणि व्याज सवलत जास्त उपयोगाची. पहिल्या फोनवरचा ‘माल कुठे विकणार’ हा प्रश्न इथे पैशात दिसतो.

करसवलतीचा भावही उतरला आहे. वर्षाला ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या समूहांसाठी १५ टक्के किमान कराची जागतिक व्यवस्था २०२१ मध्ये ठरली आणि अनेक देशांनी ती लागू केली. आपण कर माफ केला तरी फरक दुसरा देश वसूल करू शकतो.

नववी पायरी: होकार आल्यावर

कंपनी बहुधा भारतात खासगी मर्यादित कंपनी स्थापन करते. शेअर दिल्याच्या ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याच्या नोंदीचा फॉर्म) भरावा लागतो. उशीर झाला तर विलंब शुल्क. जॉइंट व्हेंचर असेल तर सोडचिठ्ठीचं कलम लग्नाआधीच लिहा: कोण कुणाचे शेअर कोणत्या भावाने घेणार, ब्रँड कुणाकडे राहणार, पॅटर्न आणि ड्रॉइंग कुणाची.

आणि नकार आला तर सल्लागाराला पंधरा दिवसांनी एक छोटा मेल पाठवा: आम्ही कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या आकड्यामुळे बाद झालो? काही जण तरी उत्तर देतात. ते उत्तर इंजिनिअरिंग असोसिएशनच्या कपाटात नको, वीज, जमीन, पूर अशा प्रत्येक पानाच्या मागे लावून ठेवा. पुढच्या वेळी चौकशीचा फॉर्म येईल तेव्हा उत्तराला दोन-तीन आठवड्यांहून जास्त वेळ मिळणार नाही.